पाऊस आहे म्हणून ब्रायटन रद्द करू नका

यूकेत नवीन आलेल्यांचा एक शनिवार हमखास असा जातो. आठवडाभर आधी ठरलेलं असतं समुद्रावर जायचं, शुक्रवारी रात्री फोनवर बघितलं तर उद्याच्या दिवसावर करडा ढग आणि दोन थेंब, मग ग्रुपवर कोणीतरी टाकतं "पुढच्या आठवड्यात जाऊया का", आणि पुढच्या आठवड्यात पण तेच दोन थेंब. असं करता करता ऑक्टोबर उजाडतो, घड्याळं मागे जातात, चार-साडेचारला अंधार पडायला लागतो आणि आई-बाबांचा सहा महिन्यांचा व्हिसा संपून ते परत पुण्याला. समुद्र राहिला तो राहिलाच.

तर हे लिहितोय ते लंडन, क्रॉयडन, स्लाऊ, रेडिंग वगैरे भागात नुकत्याच आलेल्या लोकांसाठी. एका दिवसात जाऊन यायचं, पाऊस धरून चालायचं, आणि ठिकाण ब्रायटन. इंग्लंडच्या किनाऱ्यावर गावं पुष्कळ आहेत आणि कोणी म्हणेल ब्रायटनला फार गर्दी, फार महाग. खरंय. पण पावसाच्या दिवशी त्याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही, कारण स्टेशनपासून समुद्रापर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं आणि त्या पंधरा-वीस मिनिटांच्या पट्ट्यात डोक्यावर छप्पर असलेल्या इतक्या जागा आहेत की दिवस सहज निघतो. छोट्या गावात गेलात आणि पाऊस लागला की एका कॅफेत तीन तास बसायची पाळी येते, पोरं वैतागतात, मग मोठी माणसं पोरांवर.

आधी हवामान, पण चित्र बघून नाही

इथला पाऊस म्हणजे आपला पाऊस नव्हे हे पहिल्यांदा डोक्यात बसवा. मुंबईत एका जुलैमध्ये साधारण जेवढा पडतो तेवढा ब्रायटनला अख्ख्या वर्षात पडतो. तोच पाऊस इथे बारा महिन्यांत थोडा थोडा वाटून दिलेला आहे एवढंच. त्यामुळे फोनवर थेंब दिसले याचा अर्थ दिवसभर कोसळणार असा नाही, बहुतेक वेळा सर येते, वीस-चाळीस मिनिटं भिजवते, जाते, तासभर उघडतं, परत येते. मेट ऑफिसचं, म्हणजे इथल्या हवामान खात्याचं ॲप घ्या, त्यात तासातासाचे आकडे असतात, तेवढेच बघा. टक्के लिहिलेत ते पाऊस पडण्याची शक्यता किती त्याचे. ३०-४० टक्क्यांना इथला माणूस अंगात जॅकेट चढवतो आणि निघतो.

खरं बघायचं ते वाऱ्याकडे. समुद्रावर दिवस वाटोळा करतो तो वारा, पाऊस नाही. ॲपमध्ये वाऱ्याच्या झोताचा आकडा ताशी मैलात असतो. पंचवीसपर्यंत काही प्रॉब्लेम नाही. पस्तीस-चाळीसच्या पुढे गेला की छत्री उलटणार, पाऊस आडवा तोंडावर येणार आणि पिअरवरचे, म्हणजे समुद्रात आत गेलेल्या लांब धक्क्यावरचे पाळणे बंद असण्याची शक्यता. पन्नास दाखवत असेल आणि वर यलो वॉर्निंग लागली असेल तर मात्र खरंच घरी बसा, भजी तळा.

अजून एक, इथे वारा जास्त करून नैऋत्येकडून येतो. म्हणजे किनाऱ्यावरून पश्चिमेला, होव्हच्या बाजूला चालत निघालात की तोंडावर आणि पूर्वेला, पिअरच्या बाजूला निघालात की पाठीवर. आधी पश्चिमेला जाऊन मग पिअरकडे वळायचं, उलटं नाही. बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर एवढ्या एका गोष्टीने दिवस वाचतो.

तिकीट

लंडन व्हिक्टोरियाहून सदर्न कंपनीची गाडी साधारण तासाभरात ब्रायटनला सोडते. सेंट पॅनक्रस, फॅरिंग्डन, ब्लॅकफ्रायर्स, लंडन ब्रिज या बाजूने थेम्सलिंक आहे, तिला थोडा जास्त वेळ लागतो पण तुम्ही त्या लाईनवर राहत असाल तर बदलायची भानगड नाही. क्रॉयडनवाल्यांनी उगाच उलटं व्हिक्टोरियाला जाऊ नये, ईस्ट क्रॉयडनला या गाड्या थांबतात. रेडिंगवाल्यांना लंडनमध्ये शिरायची पण गरज नाही, रेडिंग ते गॅटविक थेट गाडी आहे, तिथे बदला.

आता महत्त्वाचं. ऑयस्टर कार्ड ब्रायटनला चालत नाही. लंडनमध्ये सवय लागलेली असते कार्ड टेकवायचं आणि आत शिरायचं, तसेच गाडीत बसता, गॅटविकपर्यंत सगळं कायदेशीर असतं आणि तिथून पुढे तुम्ही विनातिकीट. पेनल्टी फेअर १०० पौंड आणि वर तिकिटाचे पैसे, एकवीस दिवसांत भरलात तर १०० चे ५०. मला माहीत नव्हतं, मी नवीन आहे, हे तिथे चालत नाही. ब्रायटनचं वेगळं तिकीट काढा, फोनवर ई-तिकीट घेतलं तरी चालतं.

तिकीट रेल्वे कंपनीच्याच ॲपवर काढा. बाहेरची प्रसिद्ध ॲप्स बुकिंग फी लावतात, कंपन्यांची स्वतःची ॲप्स लावत नाहीत आणि भाडं तेच असतं. स्वस्त तिकिटावर बारीक अक्षरात फक्त थेम्सलिंक किंवा फक्त सदर्न असं लिहिलेलं असतं, ते वाचून मगच गाडीत बसा, समोर उभी आहे म्हणून गॅटविक एक्सप्रेसमध्ये चढू नका. तीन ते नऊ माणसं एकत्र असाल तर ग्रुपसेव्ह निवडा, एक तृतीयांश कमी होतात आणि त्यासाठी कुठलं कार्ड लागत नाही. नवरा-बायको दोघंच असाल तर टू टुगेदर रेलकार्ड, २०२५ पासून ३५ पौंडाला झालंय, वर्षभर चालतं, तीन-चार ट्रिपांत वसूल. फक्त प्रवास दोघांनी बरोबर करायचा आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही, पाच ते पंधरा अर्धं.

रविवारी जायचं असेल तर शुक्रवारी रात्रीच नॅशनल रेलच्या साईटवर बघून ठेवा, रुळांची कामं रविवारी काढतात आणि मग अर्ध्या रस्त्यात बसमध्ये बसवतात. ऑगस्टच्या सुरुवातीला प्राईड, म्हणजे एलजीबीटी लोकांचा मोठा उत्सव असतो त्या वीकेंडला तर जाऊच नका, म्हणजे प्राईडलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. गाडी घेऊन जायचा विचार असेल तर पार्किंगचे दर आधी बघा, विचार आपोआप बदलेल.

अंगात काय, पिशवीत काय

छत्री घरी ठेवा. टोपी असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट पाहिजे, डिकॅथलॉनमध्ये स्वस्तात मिळतं. जीन्स नको, एकदा भिजली की संध्याकाळपर्यंत वाळत नाही आणि मांड्यांना गार चिकटून राहते, त्यापेक्षा साधी ट्रॅक पँट बरी. आईंना साडीच नेसायची असेल तर नेसू दे, पण आत लेगिंग्ज आणि पायात बूट. चपला-सँडल अजिबात नको कारण ब्रायटनला वाळू नाहीये. परत सांगतो, वाळू नाहीये, सगळे गोटे आहेत, मुठीएवढे, ओले झाले की सरकतात. पोरांना बादली-फावडं घेऊन गेलात तर भोंगा सुरू होईल.

मोज्यांचा एक जोड जास्तीचा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. थर्मासमध्ये चहा. आणि डबा. बाहेर खायचंच आहे तरी डबा घ्या, दशम्या आणि तिळाची चटणी अशी ओली नसलेली काहीतरी वस्तू, कारण सकाळी अकरा आणि दुपारी चार या दोन वेळा अशा असतात की सगळ्यांना एकदम भूक लागते आणि कॅफेबाहेर रांग असते.

उतरल्यावर सरळ समुद्राकडे पळू नका

लंडन-ब्रायटन रेल्वे १८४१ ची आहे. हेवर्ड्स हीथ यायच्या आधी गाडी ऊझ नदीच्या खोऱ्यावरच्या पुलावरून जाते, सदतीस कमानींचा विटांचा पूल आहे. आत बसून तो पूल दिसत नाही, पण एकदम झाडांच्या शेंड्यांवरून आपण चाललोय असं वाटायला लागलं की समजा तोच. ब्रायटन स्टेशनात उतरल्यावर वर बघा, लोखंड आणि काचेचं छत आहे, वळणदार, १८८० च्या दशकातलं, आणि त्याच्यावर पाऊस वाजत असला तर अजूनच भारी.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर समोर क्वीन्स रोड सरळ समुद्राकडे उतरतो. सगळे त्याच रस्त्याने जातात. कोरडा दिवस असेल तर ठीक, पावसात तो रस्ता म्हणजे वाऱ्याचं बोळकांड आहे आणि बघण्यासारखं काही नाही. त्यापेक्षा बाहेर पडून डावीकडे ट्राफल्गर स्ट्रीटने स्टेशनच्या खालून उतरा. तिथेच कमानींमध्ये खेळण्यांचं आणि मॉडेल रेल्वेचं छोटं म्युझियम आहे, पोरगं आगगाडीवेडं असेल तर तासाची निश्चिंती, उघडं असण्याचे वार तेवढे आधी बघा. पुढे उजवीकडे सिडनी स्ट्रीट, मग केन्सिंग्टन गार्डन्स, मग गार्डनर स्ट्रीट, या भागाला नॉर्थ लेन म्हणतात. चिंचोळे रस्ते, जुने कपडे, ग्रामोफोन रेकॉर्ड, मणी, पुस्तकं, विचित्र टोप्या अशी दुकानं लागून लागून, त्यामुळे सर आली की शिरा दुकानात, थांबली की बाहेर. विकत काही घ्यायलाच पाहिजे असं नाही, इथे कोणी "बोला, काय दाखवू" करत मागे लागत नाही.

जवळच ज्युबिली लायब्ररी आहे, २००५ साली उघडलेली काचेची मोठी इमारत. सार्वजनिक आहे, फुकट आहे, गरम आहे, बसायला खुर्च्या आणि लहान मुलांचा वेगळा कोपरा. मेंबर असायची गरज नाही, आत जाऊन बसायचं. भिजून हात गार पडलेत, बाळाला भरवायचंय, आजोबांना जरा पाय सोडून बसायचंय तर याच्यासारखी दुसरी जागा नाही, आणि पर्यटकांच्या याद्यांत तिचं नाव क्वचितच दिसतं.

पॅव्हेलियन, आणि इथे वेळ द्या

लायब्ररीतून निघून चर्च स्ट्रीटने गेलात की दोन-चार मिनिटांत रॉयल पॅव्हेलियनची बाग. पहिल्यांदा बघणारा आपला माणूस हसतोच. समोर घुमट, मिनार, जाळ्या, कमानी, आणि वर इंग्लंडचं करडं आभाळ.

युवराज जॉर्ज, जो पुढे चौथा जॉर्ज झाला, त्याचा हा समुद्राकाठचा बंगला. १७८७ मध्ये हेन्री हॉलंडने साधासा बांधून दिला होता, मग १८१५ ते १८२२ मध्ये जॉन नॅशने त्याचा हा अवतार केला. नॅश कधी हिंदुस्थानात गेला नव्हता, जॉर्जही नाही. आत शिरलात की हिंदुस्थान संपतो आणि चीन सुरू होतो, म्हणजे इंग्रजांच्या कल्पनेतला चीन, ड्रॅगन, बांबूसारखे दिसणारे कठडे, लाल-सोनेरी भिंती. जेवणाच्या दालनात छताला एक भलामोठा ड्रॅगन आहे आणि त्याच्या पंजात सुमारे एक टन वजनाचं झुंबर. त्याखाली पाहुणे जेवायचे. स्वयंपाकघरात छताला आधार देणाऱ्या लोखंडी खांबांना वर तांब्याची ताडाची पानं लावलीत. आमच्या घरच्यांना झुंबरापेक्षा हे स्वयंपाकघरच जास्त आवडलं, टांगलेली तांब्याची भांडी बघून "एवढी घासायचं कोण" हा प्रश्न लगेच आला. व्हिक्टोरिया राणीला मात्र ही जागा पसंत पडली नाही, १८५० मध्ये गावाने ती विकत घेतली.

पण आपण तिकीट काढायचं ते पुढच्या गोष्टीसाठी. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर लढलेल्या हिंदी सैन्यातल्या जखमींना ब्रायटनला आणलं आणि १९१४ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत हा राजवाडा त्यांचं हॉस्पिटल होता. त्या सोनेरी दालनांमध्ये खाटांच्या रांगा. शेजारच्या डोममध्ये पण खाटा, जो मूळचा जॉर्जच्या घोड्यांचा तबेला. हिंदू, मुसलमान, शीख यांची स्वयंपाकघरं वेगवेगळी, हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे. आत एक दालन आता याच हॉस्पिटलसाठी ठेवलंय. त्यातले फोटो घाई न करता बघा, फेट्यातली माणसं, अंगावर हॉस्पिटलची घोंगडी, मागे चिनी नक्षी. १९१५ च्या ऑगस्टमध्ये पाचव्या जॉर्जने जमादार (हा तेव्हाचा सैन्यातला हुद्दा) मीर दस्त यांना इथेच व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च पदक दिलं.

आणि हे सगळं पोस्टकार्डावरच्यासारखं गोड पण नव्हतं. गावातलं दुसरं हॉस्पिटल, किचनर इंडियन हॉस्पिटल, तिथे शिपायांना बाहेर मोकळं फिरू देत नव्हते, भिंतींवर काटेरी तार लावली होती. त्या कोंडमाऱ्याला वैतागून तिथल्या गोडबोले नावाच्या सब-असिस्टंट सर्जनने वरिष्ठ अधिकारी कर्नल सीटनवर गोळी झाडायचा प्रयत्न केला, १९१५ च्या अखेरीस, आणि सात वर्षांची सक्तमजुरी ओढवून घेतली. ब्रायटनच्या इतिहासात गोडबोले आडनाव सापडेल असं कोणाला वाटणार. ती इमारत आजही एल्म ग्रोव्ह रस्त्यावर ब्रायटन जनरल हॉस्पिटल म्हणून उभी आहे.

पॅव्हेलियनचं तिकीट मोठ्या माणसाला वीस पौंडाच्या आसपास पडतं, दुपारी पाच-साडेपाचच्या सुमाराला बंद होतं आणि शेवटची एंट्री त्याच्या पाऊण तास आधी. दीड-दोन तास धरा. पैसे घालवायचे नसतील तर बाग फुकट आहे आणि दक्षिणेच्या बाजूचा इंडिया गेट पण, त्या शिपायांच्या सेवेबद्दल हिंदुस्थानातून दिलेला, १९२१ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या हस्ते उघडलेला.

इथे कोणीतरी छत्रीचा विषय काढेल, म्हणजे छत्री नावाच्या स्मारकाचा. ब्रायटनमध्ये वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना गावाबाहेर डोंगरावर अग्नी दिला, त्या जागी संगमरवरी छत्री बांधली आहे, हीसुद्धा १९२१ ची. जरूर जा, पण पावसाच्या दिवशी नको. पॅचमच्या वरच्या बाजूला शेतांमधून चढत चालावं लागतं, चिखल असतो, आडोसा नाही. तो उन्हाळ्यातला वेगळा दिवस.

त्याऐवजी क्लॉक टॉवरपासून वर सेंट निकोलस चर्च आहे, पाच-सात मिनिटं. त्याच्या आवारात शेख दीन महोमेद यांची कबर आहे. जन्म पाटण्याचा, १७५९ चा, आयर्लंड-लंडन करत ब्रायटनला आले आणि इथे वाफेचं स्नान आणि चंपी-मालिशीचं दुकान असं जोरात चालवलं की चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम दोघं राजे त्यांचे गिऱ्हाईक. मुळात ब्रायटन मासेमारीचं गाव, १७५० च्या सुमाराला रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने समुद्राचं पाणी औषधी आहे, त्यात डुंबा आणि प्या पण, असा प्रचार केला आणि श्रीमंत लोक यायला लागले. जिथे लोक खारं पाणी पीत होते तिथे चंपी चालली यात नवल नाही.

जेवण

शाकाहारी असाल तर ब्रायटनमध्ये चिंता नाही, या बाबतीत हे गाव लंडनपेक्षाही पुढे असेल. फूड फॉर फ्रेंड्स १९८१ पासून आहे, पूर्ण शाकाहारी, लेन्स भागात. शनिवारी टेबल आधी बुक करा. लेन्स म्हणजे समुद्राजवळची जुनी गल्लीबोळं, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं, दागिन्यांची दुकानं एकाला एक लागून. मघाशी गेलो ते नॉर्थ लेन वेगळं आणि हे लेन्स वेगळं, भेटायचं ठरवताना गोंधळ होतो.

फिश अँड चिप्स खायचे असतील तर चिप्पीत, म्हणजे त्याच्या दुकानात ऑर्डर देताना कॉड किंवा हॅडॉक विचारतील, हॅडॉकला चव जरा जास्त असं माझं मत. मग "सॉल्ट अँड व्हिनेगर?" विचारतात, हो म्हणा, पण आधी थोडंच, नाहीतर ओतून देतात आणि वरचं कुरकुरीत आवरण मऊ पडतं. घरच्या शाकाहारी माणसासाठी नुसते चिप्स घ्यायचे असतील तर दोन गोष्टी विचारा, तेल वनस्पतीचं आहे की बीफ ड्रिपिंग, म्हणजे गाईबैलांची चरबी, आणि चिप्सचा फ्रायर माशांपेक्षा वेगळा आहे का. विचारायला लाजू नका, रोज कोणीतरी विचारतं. आणि उत्तर मनासारखं आलं नाही तर निमूट पुढच्या दुकानात.

खाताना सीगल. हसू नका, हा पक्षी कोंबडीपेक्षा मोठा दिसतो आणि मागून येतो. पुडा उघडून समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की खांद्यावरून पंखाचा वारा लागतो आणि मासा गेलेला असतो. भिंतीला किंवा शेल्टरला पाठ लावून खा, आणि जवळ उतरला तर त्याच्याकडे रोखून बघा. एक्सेटर युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१९ मध्ये प्रयोग करून दाखवलंय की माणूस बघतोय म्हटल्यावर बरेचसे सीगल पुढे यायला कचरतात.

आता समुद्र

सर थांबली, आभाळ जरा पांढरं झालं की हातातलं टाकून निघा, तोच आपला तास. क्लॉक टॉवरहून वेस्ट स्ट्रीटने खाली उतरलात की समोर पाणी. वाऱ्याचं सांगितलंय, आधी उजवीकडे. पाण्यात एक गंजलेला लोखंडी सांगाडा उभा दिसेल, तो वेस्ट पिअर, १८६६ चा, १९७५ ला बंद झाला, २००२ मध्ये काही भाग कोसळला आणि २००३ मध्ये जळला. पावसाळी उजेडात त्याचे फोटो उन्हापेक्षा चांगले येतात. रस्त्याच्या खालच्या अंगाला कमानींमध्ये दुकानं आहेत, तिथेच मासेमारीचं छोटं म्युझियम आहे, फुकट, आत खरी होडी ठेवलीय.

मग वारा पाठीवर घेऊन पॅलेस पिअर. १८९९ चा, पाव मैलापेक्षा लांब आत गेलेला. हल्ली बाहेरच्या लोकांना सीझनमध्ये एक-दोन पौंड एंट्री लावतात. मधल्या मोठ्या हॉलमध्ये छताखाली गेम्सची मशिन्स, त्यातली दोन पेनी नाणी ढकलायची मशिन्स पकडा. पाच पौंडाची चिल्लर एका प्लास्टिकच्या कपात घ्या, चार जणांत वाटा, अर्धा तास कसा जातो कळत नाही, आणि आजी लोक यात सगळ्यात जास्त रमतात. कडेवर लोंबकळणारी नाणी बघून "पडतंय, पडतंय" ओरडत शेवटचं नाणं घालेपर्यंत कोणी हलत नाही. फळ्यांच्या फटींमधून खाली हिरवट पाणी उसळताना दिसतं. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी मधून चालावं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर अंधार पडायच्या अर्धा तास आधी पिअरपाशी असा. आपल्या साळुंकीच्या कुळातले स्टार्लिंग पक्षी हजारांनी येतात, आभाळात एकत्र वळसे घेतात आणि मग एकदम पिअरच्या खाली झोपायला शिरतात. रिपरिप पावसात पण येतात, फार वारा असेल तर खेळ लवकर आटोपता घेतात.

लहान मुलं असतील आणि पाऊस थांबतच नसेल तर पिअरच्या समोरच सी लाइफ मत्स्यालय आहे, १८७२ पासूनचं, जगातलं सगळ्यात जुनं चालू मत्स्यालय. जमिनीखालच्या व्हिक्टोरियन कमानींमध्ये टाक्या आहेत. ऑनलाईन आधी काढलं तर स्वस्त पडतं. पण पॅव्हेलियन आणि हे दोन्ही एका दिवशी केलंत तर खिसा हलका होईल, एकच निवडा. त्याच बाजूला व्होल्क्सची विजेवरची छोटी रेल्वे आहे, १८८३ ची, ती उन्हाळी सीझनमध्येच धावते.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. गोट्यांचा किनारा पाण्यापाशी एकदम खोल उतरतो. लाटा मोठ्या असतील तर परत जाणारं पाणी पायाखालचे गोटे ओढून नेतं आणि माणूस उभा राहू शकत नाही, पोहता येत असलं तरी. वाऱ्याच्या दिवशी फोटोसाठी पाण्याच्या कडेला किंवा त्या आडव्या दगडी-लाकडी बांधांच्या टोकाला जायचं नाही, पोरांना तर नाहीच. हिवाळ्याच्या शेवटी पाणी आठ अंशांच्या आसपास असतं. कोणी पाण्यात पडलेलं दिसलं तर मागे उडी मारू नका, ९९९ लावा आणि कोस्टगार्ड मागा.

परत निघताना

समुद्रावरून स्टेशन म्हणजे चढ आहे, दिवसभर चालून झाल्यावर तो जाणवतो. ज्येष्ठांना बसमध्ये बसवा, कार्ड टेकवलं की झालं, एका बाजूचं भाडं सध्या जास्तीत जास्त तीन पौंड. बसच्या समोर नावं लिहिलेली दिसतील, ती गावाशी संबंध असलेल्या दिवंगत लोकांची असतात. घरच्यांना न्यायला ब्रायटन रॉक घ्या, गुलाबी साखरेची कांडी, कुठेही तोडली तरी आत गावाचं नाव दिसतं. फार गोड लागते, दात सांभाळा.

साडेपाच ते सातच्या गाड्या शनिवारी भरलेल्या असतात. एक तर पाचच्या आत निघा नाहीतर लायब्ररीजवळ कुठे तरी कॉफी घेऊन साडेसातपर्यंत थांबा. ब्रायटनहूनच गाडी सुटत असल्यामुळे दहा मिनिटं आधी गेलात तर बसायला मिळतं, पुढच्या डब्यांपर्यंत चालत जा, सगळे लोक गेटाजवळच्याच डब्यात कोंबतात. तिकिटावरची कंपनी परत एकदा बघा, जाताना थेम्सलिंकने आलात आणि येताना समोर सदर्न उभी आहे म्हणून चढलात तर तोच १०० पौंडांचा प्रश्न. जागा मिळाली की आधी ओले मोजे बदला, मग डब्यात उरलेल्या दशम्या काढा.